घरी पहिला रीफ टॅंक लावायचाय? आधी पाणी, मग दगड, कोरल सगळ्यात शेवटी

रीफ टॅंकचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) आणि मासे एकत्र ठेवलेल्या टॅंकचे, व्हिडिओ बघून ज्याला खाज सुटते त्याचा पहिला प्रश्न असतो मासे कुठले घेऊ, आणि दुसरा म्हणजे लाइट कुठली घेऊ. हे दोन्ही प्रश्न दोन-तीन महिन्यांनी विचारायचे आहेत. आत्ता विचारायचं ते पाण्याबद्दल. पाणी जमलं की क्लाउनफिश आणि साधी कोरल्स फारसा त्रास देत नाहीत, आणि पाणी बिघडलेलं असेल तर वर कितीही भारी लाइट लटकवा, काही उपयोग नाही.

गोड्या पाण्याचा टॅंक ज्यांनी ठेवलाय त्यांच्यासाठी एक फरक आधीच सांगून टाकतो. नदी-तलावातल्या माशांना बदलाची सवय असते, पाऊस पडतो, पाणी गढूळ होतं, उन्हाने तापतं, ते सगळं सोसतात. रीफवरच्या जिवांना ही सवयच नाही, कारण भोवतीचा समुद्र इतका अवाढव्य की खारेपणा, पीएच वगैरे जवळपास तिथल्या तिथेच राहतं. म्हणून या छंदात आकडा अगदी पुस्तकी असण्यापेक्षा काल होता तिथेच आज आहे का, हे जास्त बघायचं. पुढचं सगळं फिरून याच मुद्द्यावर येणारे.

टॅंक केवढा घ्यायचा

लहान टॅंक सोपा जाईल असं सगळ्यांना वाटतं आणि नेमकं उलट आहे. ४० लिटरच्या टॅंकमधलं एक लिटर पाणी उडून गेलं तर खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) वरून जवळपास ३६ वर जातो, तेच एक लिटर २०० लिटरच्या टॅंकमधून गेलं तर आकडा ३५.२ च्या पुढे सरकत नाही. एखादा मासा दगडामागे मरून पडला आणि दोन दिवस कळलंच नाही, तर मोठा टॅंक ते पचवतो, लहान टॅंक सगळ्यांना घेऊन बुडतो. त्यामुळे पहिल्यांदा १५० ते २५० लिटरच्या मधलं काहीतरी घ्या. उंच टॅंकपेक्षा लांब आणि रुंद बरा, लाइट तळापर्यंत पोचते, हवा-पाण्याची देवाणघेवाण चांगली होते आणि साफ करताना खांद्यापर्यंत हात बुडवावा लागत नाही.

वजनाचा विचार आत्ताच करा. २०० लिटरचा टॅंक, त्यात पाणी, दगड, वाळू, काच आणि खाली स्टॅंड असं सगळं मिळून ३०० किलोच्या आसपास जातं, आणि एकदा भरला की तो हलत नाही. थेट ऊन येणार नाही अशी जागा, भिंतीलगत, जमीन लेव्हलमधे, आणि मागे हात जाईल एवढी फट सोडलेली. साध्या टेबलावर नको, स्टॅंड टॅंकसाठीच बनवलेला पाहिजे.

सम्प हवा का? सम्प म्हणजे खालच्या कपाटात ठेवलेला दुसरा टॅंक, ज्यात हीटर, फेसातून घाण काढणारा स्किमर, पाणी परत वर पाठवणारा रिटर्न पंप सगळं लपतं आणि एकूण पाणीही वाढतं. जमत असेल तर घ्या. नाहीतर मागच्या बाजूला कप्पे असलेला ऑल-इन-वन टॅंक घ्या, पहिल्या टॅंकला तो पुरतो. सम्प असेल तर मीठ घालायच्या आधी नुसत्या पाण्यावर एक टेस्ट करायचीच, सगळं चालू करून एकदम मेन स्विच बंद करायचा आणि वरच्या टॅंकमधून किती पाणी खाली येतं ते बघायचं. सम्प ओसंडला तर त्यातली चालू लेव्हल कमी ठेवायची आणि रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडायचं, म्हणजे पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरून उलटा सायफन तुटतो. हे भोक शेवाळाने बुजतं, अधूनमधून टूथपिकने मोकळं करत जा.

वायरिंगही आत्ताच नीट करा, खारं पाणी आणि वीज जवळजवळ राहणार आहेत. करंट लीक झाला की ट्रिप होणारा ब्रेकर लावा, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नाही तर उंचावर स्क्रूने बसवा, आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोल खाऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब प्लगमधे न शिरता झोलाच्या टोकाला गळतो. काही महिन्यांनी वायरींवर, टॅंकच्या कडेवर मिठाची पांढरी खरड जमायला लागेल. ती ओल्या फडक्याने पुसत राहायची, वाढू द्यायची नाही.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी चालत नाही. त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट असतं, कधी पाइपातून आलेलं तांबं असतं, आणि तांबं तर गोगलगायी, कोळंबी, कोरल्स यांना अगदी थोडं असलं तरी विष. म्हणून आरओडीआय, म्हणजे आरओ मेंब्रेनच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा डबा, आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य. घरचा पिण्याच्या पाण्याचा आरओ चालेल का असं बरेच जण विचारतात. नुसता नाही चालत, त्याचं पाणी शून्यावर येत नाही, आणि काही मशीन चव यावी म्हणून मुद्दाम थोडं साधं पाणी नाहीतर मिनरल्स परत मिसळतात. मीटरने मोजा, मिसळायची सोय असेल तर ती बंद करा आणि पुढे डीआयचा डबा जोडा. रंग बदलणारं रेझिन घेतलंत तर कधी संपलं ते डोळ्यांनीच दिसतं.

मीठ म्हणजे स्वयंपाकाचं नव्हे, रीफसाठीचं सिंथेटिक सी सॉल्ट, ज्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरणारे क्षार) सगळं मोजून घातलेलं असतं. साधारण एका लिटरला ३५ ते ४० ग्रॅम लागतं, ब्रॅंडप्रमाणे थोडं इकडेतिकडे. क्रम महत्त्वाचा, आधी पाणी आणि मग त्यात हळूहळू मीठ, पंप चालू ठेवून. उलटं केलंत, म्हणजे मिठाच्या ढिगावर पाणी ओतलंत, तर तळाशी खूपच जास्त खारं पाणी तयार होऊन कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, पिंपाच्या तळाला हात लावला की पांढरी कचकच लागते, आणि ती नंतर काही केल्या विरघळत नाही. पाणी आधी ढगाळ दिसतं, काही तासांत आरपार स्वच्छ होतं, मग २५ अंशावर आणून मोजायचं. पहिल्यांदा टॅंक भरताना थेट टॅंकमधेच मीठ मिसळलं तर हरकत नाही, आत अजून कोणी राहत नाही. नंतर मात्र कायम वेगळ्या पिंपात.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, सुई वर-खाली होणाऱ्या प्लास्टिकच्या स्वस्त हायड्रोमीटरवर विसंबू नका. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण अलगद टेकवायचं, बुडबुडा राहिला तर परत करायचं, अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे धरायचं, वर निळा खाली पांढरा असा पट्टा दिसतो, त्यांची शिवण जिथे येते तो आकडा. ३५ पीपीटी पाहिजे, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बघत असाल तर साधारण १.०२६. हे मशीन आरओच्या पाण्यावर शून्य दाखवतं म्हणून ३५ ला पण बरोबर असेल असं नाही, त्यामुळे ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन लिक्विड आणून त्यावर सेट करा, आणि अधूनमधून परत तपासा.

आता नवीन लोकांची हमखास चूक. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणजे रोज जेवढी पातळी खाली जाते तेवढं साधं आरओडीआय पाणी घालायचं, मीठ घातलेलं नाही. पातळी कमी झाली म्हणून खारं पाणी घालत राहिलात तर दोन-तीन आठवड्यांत खारेपणा कुठच्या कुठे जाईल आणि मासे का धापा टाकतायत हे कळणार नाही. काचेवर टेपने एक खूण करून ठेवा आणि रोज तिथपर्यंत भरा, किंवा एटीओ लावा, सेन्सर आणि छोटा पंप, पातळी खाली गेली की तो स्वतः भरतो. लाइट घ्यायच्या आधी मी तर एटीओ घ्यायला सांगेन. फक्त त्याचं साठवणीचं भांडं अवाढव्य ठेवू नका, कारण सेन्सर कधीतरी अडकतोच, आणि अडकला की भांड्यातलं सगळं पाणी टॅंकमधे जातं. ते गेलं तरी टॅंक ओसंडू नये आणि खारेपणा फार पडू नये, एवढंच पाणी त्यात असावं.

तापमान २५-२६ अंश. एक मोठा हीटर लावण्यापेक्षा दोन छोटे लावा, एक चालू अवस्थेत अडकला तरी एकटा टॅंक उकळवू शकत नाही आणि एक बंद पडला तरी दुसरा सांभाळून घेतो. गरम हवामानात उलटा प्रॉब्लेम, तिथे पाण्याच्या पृष्ठभागावर फिरणारा पंखा दोन-तीन अंश सहज खाली आणतो, पण पाणीही जास्त उडतं, म्हणजे परत एटीओ आलाच. तेवढ्यानेही भागत नसेल तरच चिलर.

दगड

सिमेंटच्या किल्ल्यांची ही जागा नव्हे. रीफ टॅंकमधला दगड म्हणजे फिल्टर, त्याच्या बारीक छिद्रांत बॅक्टेरिया राहतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मधे समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि भरपूर उजेड एवढ्यावर टॅंक चालवायची आपली पद्धत छापून लोकांसमोर आणली, आजही मुळात आपण तेच करतो, फक्त प्लग वाढलेत.

जिवंत दगडाबरोबर बॅक्टेरिया, कोपेपॉड्स (माशांचं खाद्य असलेले बारीक जीव), गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ सगळं फुकट येतं, आणि नको असलेले पाहुणेही येतात, म्हणजे एप्टेशिया नावाचा उपद्रवी अॅनिमोन (समुद्रफूल), खेकडे, कधी मॅंटिस श्रिंप. कोरडा दगड स्वच्छ असतो, हवा तसा तोडून-चिकटवून घेता येतो, पण टॅंक तयार व्हायला वेळ जास्त घेतो. माझं मत, मुख्य रचना कोरड्या दगडाची करा आणि एखाद्या जुन्या निरोगी टॅंकमधला जिवंत दगडाचा छोटा तुकडा किंवा मूठभर वाळू मिळाली तर ती घाला. साधारण दहा लिटरला एक किलो पुरतो. कोरडा दगड आधी ब्रशने घासून काही दिवस आरओडीआय पाण्यात भिजवा, पाणी बदला, त्यातून फॉस्फेट सुटत असेल तर ते टॅंकच्या बाहेरच सुटलेलं बरं.

रचताना दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि वाळू नंतर भरा. वाळूवर दगड ठेवलात तर गोबी मासा किंवा पिस्टल श्रिंप (एक कोळंबी) खालून खणतात आणि एक दिवस सगळा डोंगर काचेवर. जोड सुपरग्लू जेल आणि इपॉक्सी पुटीने करा, सुकल्यावर हाताने हलवून बघा. चारही बाजूंना काचेपासून आठ-दहा सेंटीमीटर सोडा, मॅग्नेटने काच पुसायला जागा लागते. वरचा दगड पृष्ठभागाच्या बऱ्यापैकी खाली ठेवा, कारण कोरल्स वर वाढतात. भिंतीसारखी रास घालू नका, दोन बेटं, मधे मोकळं पाणी, खाली एक-दोन गुहा, एवढं छान दिसतं आणि मागे घाण साचत नाही. या कामाला एक अख्खी दुपार द्या, नंतर बदलता येत नाही.

वाळू अॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), एक ते दोन मिलिमीटर दाण्याची, तीनेक सेंटीमीटर थर. पाणी भरल्यावर एक-दोन दिवस टॅंकमधे धुकं असतं, घाबरायचं नाही.

पंप, स्किमर, लाइट

समुद्रात पाणी कधी थांबत नाही, त्यामुळे फिल्टरचा प्रवाह वेगळा आणि टॅंकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप, म्हणजे वेव्हमेकर, वेगळा. मऊ कोरल्स आणि एलपीएस (मोठ्या पॉलिपची, कठीण सांगाड्याची कोरल्स) ठेवणार असाल तर टॅंकच्या वीसपट पाणी तासाला फिरलं पाहिजे, म्हणजे २०० लिटरला ४००० लिटर. एक दांडगा पंप लावण्यापेक्षा समोरासमोर दोन, आलटून-पालटून चालणारे. पृष्ठभागावर सतत लाटा दिसल्या पाहिजेत, ऑक्सिजन तिथूनच येतो. कोरलचे पॉलिप, म्हणजे त्यावरचे फुलासारखे छोटे जीव, डोलायला हवेत, एकाच बाजूला सपाट दाबलेले दिसले तर प्रवाह फार थेट लागतोय.

प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांच्या फेसाला चिकटवून माशांची घाण सडायच्या आधीच बाहेर काढतो. नवा स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा वागतो, कधी ओसंडतो, कधी फेसच नाही, त्याला तसंच चालू राहू द्या. मग कपात घाण वास येणारं तपकिरी पाणी जमायला लागतं, ते बघून इतका आनंद होतो की घरचे विचित्र नजरेने बघतात. शंभर लिटरच्या खालच्या टॅंकला स्किमर नसला तरी पाणी बदलून भागतं.

लाइट निळ्याकडे झुकणारी रीफ एलईडी. कोरलच्या आत झूझॅंथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं, म्हणून उजेड हे कोरलचं जेवण. मऊ कोरल्सना ५० ते १०० पार (कोरलला वापरता येणारा उजेड मोजायचं माप) पुरतो, एलपीएसना त्याहून थोडा जास्त, एसपीएसना, म्हणजे लहान पॉलिपच्या कठीण कोरल्सना, २०० च्या वर. नवीन लोक बहुतेक वेळा जास्तच लावतात. निम्म्यापेक्षा कमी ताकदीवर, आठ तास, आणि मग काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. सायकल, म्हणजे दगडावर बॅक्टेरिया वाढायचा काळ, चालू असताना तर लाइट लावूच नका, कोरल नसताना उजेड फक्त शेवाळाच्या कामाला येतो.

सायकल, म्हणजे रिकामा टॅंक बघत बसायचे दिवस

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे बॅक्टेरिया दगडावर वाढेपर्यंत टॅंकमधे कोणीही घालायचं नाही. टॅंक चालू करून सायकलसाठी मिळणारं अमोनियम क्लोराइड घाला, २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग), वर बाटलीतले बॅक्टेरिया, आणि बाटलीवर लिहिलेलं असेल तितके दिवस स्किमर बंद. मग एक दिवसाआड टेस्ट. अमोनिया खाली येतो, नायट्राइट वर चढतं, मग तेही उतरतं, नायट्रेट दिसायला लागतं. २ पीपीएम अमोनिया परत घातला आणि तो २४ तासांत शून्य झाला, नायट्राइटही खाली आलं, की सायकल झाली. तीन ते सहा आठवडे धरून चला. नायट्रेट फार वाढलं असेल तर मोठा वॉटर चेंज करून मग पहिला जीव. डॅमसेल मासा घालून सायकल करायचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो मासा अमोनियात होरपळतो, आणि त्यातून वाचलाच तर पुढे सगळ्या टॅंकवर दादागिरी करतो.

यानंतर येतो घाणेरडा टप्पा, याबद्दल आधी कोणी सांगत नाही म्हणून जास्त लिहितो, कारण बरेच जण इथेच टॅंक विकायला काढतात. पहिल्यांदा वाळूवर आणि काचेवर तपकिरी पावडर येते, ते डायटम्स, सिलिकेट संपलं की जातात, काही करायचं नाही. मग हिरवं केसाळ शेवाळ येतं, ते हाताने उपटायचं आणि गोगलगायींवर सोडायचं. लालसर-जांभळी शेवाळी चादर, नखाने अख्खी सोलून निघते, ते सायनोबॅक्टेरिया, तिथे प्रवाह वाढवा आणि सायफनने ओढून घ्या. सगळ्यात चिवट म्हणजे डायनोज (डायनोफ्लॅजेलेट्स), तपकिरी चिकट धागे, टोकाला बुडबुडे, रात्री गायब आणि लाइट लागून दोन तास झाले की परत हजर.

आणि डायनोज येतात ते बऱ्याचदा अति स्वच्छतेने. शेवाळ दिसलं की माणूस घाबरून खाद्य बंद करतो, फॉस्फेट खेचणारा फिल्टर मीडिया भरतो, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेतो, आणि मग बाकी सगळे उपाशी मरून मैदान डायनोजना मोकळं मिळतं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या, कोरललाही ते लागतं. शेवाळ दिसतंय म्हणून एकाच दिवशी लाइट कमी, खाद्य बंद, मोठा वॉटर चेंज, नवीन औषध असं सगळं करू नका, एक गोष्ट बदला आणि दोन आठवडे बघा.

गोगलगायी या टप्प्यात थोड्या-थोड्या आणायच्या, शेवाळ किती आहे ते बघून, नाहीतर उपाशी मरतात. ट्रोकस सगळ्यात कामाची, पडली तरी स्वतः उलटते, अॅस्ट्रिया पाठीवर पडली की तशीच पडून राहते, तुम्हालाच सरळ करावी लागते. नॅसॅरियस वाळूत गाडलेली असते, फक्त सोंड बाहेर, आणि पाण्यात खाद्य पडलं की काही सेकंदांत वाळूतून एकेक करत वर येतात, हे पहिल्यांदा बघताना दचकायला होतं. हर्मिट क्रॅब ठेवणार असाल तर मोठे रिकामे शंख टाकून ठेवा, नाहीतर ते शंखासाठी गोगलगाय मारतात.

मासे

पहिली जोडी ऑसेलारिस क्लाउनफिशची, टॅंकमधे जन्मलेली मिळते, काटक असते. एक थोडा मोठा आणि एक लहान घ्या, सगळे जन्माला नर म्हणून येतात आणि जोडीतला वरचढ मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप लागते. त्यांना अॅनिमोन लागतोच असं नाही, आणि अॅनिमोन आणायचाच असेल तर टॅंकला वर्ष होऊ द्या, तो फिरतो आणि वेव्हमेकरमधे अडकला तर सगळं पाणी नासवतो. क्लाउननंतर रॉयल ग्रामा, फायरफिश, एखादा गोबी आणि त्याच्याबरोबर पिस्टल श्रिंप. फायरफिश उडी मारतो, जाळीचं झाकण पाहिजेच. ब्लू टॅंग सगळ्यांना हवा असतो पण तो ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, तुमच्या टॅंकमधे नको. मॅंडरिन मासा दिवसभर जिवंत कोपेपॉड्स टिपत असतो, नव्या टॅंकमधे ते पुरत नाहीत आणि तो हळूहळू वाळत जातो.

क्वारंटाइन टाळू नका. साधा छोटा टॅंक, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, आणि नवीन मासा चार आठवडे तिथे. मरीन इक, म्हणजे क्रिप्टोकॅरियन हा माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी, मुख्य टॅंकमधे शिरला तर तिथे औषध घालता येत नाही, कारण तांब्याचं औषध गोगलगायी-कोरल्स मारतं आणि दगडात मुरतं. मग सगळे मासे बाहेर काढून उपचार, आणि मुख्य टॅंक ७६ दिवस माशांशिवाय.

पिशवीतला मासा आणल्यावर पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा. खूप लांबून बऱ्याच तासांनी आला असेल तर तासभर थेंबथेंब पाणी घालत बसू नका. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया फारसा बाधत नाही, पण पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी क्वारंटाइनचं पाणी आधीच पिशवीच्या खारेपणाला आणून ठेवा, मासा पटकन हलवा. पिशवीतलं पाणी टॅंकमधे ओतायचं नाही.

कोरल

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, काचेवर-दगडावर कोरलाइनचे जांभळे ठिपके दिसायला लागले, आकडे काही आठवडे हलले नाहीत, की पहिलं कोरल. मशरूम, झोआंथस, लेदर कोरल. ग्रीन स्टार पॉलिप फार सुंदर पण गवतासारखं पसरतं, त्याला वेगळ्या दगडावर एकटं ठेवा. मग एलपीएसमधे डंकन, कॅंडी केन, हॅमर. अॅक्रोपोरा वगैरे एसपीएस वर्षभर विसरा. जंगली तोडलेल्यापेक्षा टॅंकमधे वाढवलेले छोटे फ्रॅग (कोरलचे तुकडे) घ्या, ते आधीच या जगाला सरावलेले असतात. कठीण सांगाड्याची कोरल्स साइटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि देशोदेशी कायदे वेगळे, काही ठिकाणी घरी ठेवणंच गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे पैसे द्यायच्या आधी आपल्या इथला नियम बघा, आणि किनाऱ्यावरून स्वतः तोडून आणायचा विचारही नको.

आल्यावर कोरल डिपमधे, म्हणजे किडे काढणाऱ्या औषधी पाण्यात, बुडवून हलवायचं, चपटे किडे आणि न्यूडिब्रॅंक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) गळून पडतात, ज्या चकतीवर कोरल चिकटवलेलं असतं त्या प्लगच्या खालची बाजू बघायची, शक्य तर प्लगच काढून टाकायचा. काचेसारखा तपकिरी छोटा अॅनिमोन दिसला तर तो एप्टेशिया, त्याला खरवडू नका, तुकड्यातुकड्यातून नवे उगवतात.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. झोआंथस आणि पॅलिथोआमधे पॅलिटॉक्सिन असू शकतं, फार जहाल विष. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कापायचे नाहीत, घासायचे नाहीत, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळायचा किंवा गरम पाण्याने धुवायचा नाही, वाफेतून अख्खं घर हॉस्पिटलमधे जाऊ शकतं. कापल्यावर डोळ्याला हात लावू नका, लहान मुलं आणि कुत्रं-मांजर लांब.

ठेवताना सगळं आधी खाली, वाळूजवळ, मग दोन आठवड्यांत वर सरकवा. मधे अंतर सोडा, हॅमर आणि टॉर्च ही कोरल्स रात्री लांब डंखाचे धागे बाहेर काढतात आणि सकाळी शेजारचं कोरल भाजलेलं दिसतं.

आकडे

अल्कलिनिटी (थोडक्यात अल्क) ८ ते ९ डीकेएच, हे तिचं माप, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. सांगाडा बांधताना कोरल अल्क आणि कॅल्शियम दोन्ही घेतं, पण हलते ती आधी अल्क, म्हणून आठवड्यातून दोनदा, एकाच वेळेला, अल्क मोजा आणि वहीत लिहा. मऊ कोरल्स असेपर्यंत दर आठवड्याला दहा टक्के वॉटर चेंज पुरतो, खारेपणा आणि तापमान जुळवून. एलपीएस वाढले आणि अल्क घसरायला लागली की टू-पार्ट डोसिंग, म्हणजे अल्क आणि कॅल्शियमची दोन वेगळी द्रावणं रोज मोजून घालणं, आणि एका दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त वर नेऊ नका. पीएच ७.८ ते ८.४ मधे कुठेही असू दे, तो चढवायला बफर ओतू नका, त्याने अल्क एकदम वर जाते. खोलीत माणसं जास्त आणि खिडक्या बंद असल्या की पीएच पडतो, खिडकी उघडा.

वीज गेली तर पहिला धोका ऑक्सिजनचा, थंडी-गरमी नंतर. बॅटरीवर चालणारा एअर पंप नेहमी चार्ज करून ठेवा, त्याचा बुडबुडे काढणारा एअर स्टोन पाण्यात सोडा, खाद्य अजिबात घालू नका. तोही नसेल तर मगने पाणी उपसून उंचावरून परत टॅंकमधेच ओतत राहा, दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ. वीज परत आली की आधी रिटर्न पंप, मग वेव्हमेकर, आणि पाणी आपल्या खुणेवर स्थिरावल्यावरच स्किमर चालू करा, नाहीतर तो कप भरून जमिनीवर ओततो.